सोडियम काढून एलईडी: आमच्या कॉलनीतल्या ४२ खांबांचा तीन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

गेल्या महिनाभरात तीन वेगवेगळ्या कॉलनीतली माणसं संध्याकाळी आमच्या रस्त्यावर फिरून गेली, वर मान करून दिवे बघितले, फोटो काढले आणि मला विचारलं की कोणती फिटिंग घेतलीत, किती वॅट, किती खर्च, बिल खरंच कमी आलं का. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून टाकते. मी आमच्या रहिवासी संघाची खजिनदार आहे, इलेक्ट्रिकलचं शिक्षण नाही, पण दोन वेळा दिवे बदलण्यात जे शिकले ते पैसे घालून शिकले आहे त्यामुळे लांबलचक होणार, वेळ असेल तेव्हा वाचा.

आमची कॉलनी साताऱ्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी आहे, बंगले आणि रो हाऊस मिळून शंभरेक घरं, आतले रस्ते सहा मीटरचे आणि मागच्या अंगाला ओढा. रस्त्यावरचे दिवे संघाच्या मीटरवर, बिल आपण भरायचं. खांब ४२. त्यातल्या ३० खांबांवर ७० वॅटचे सोडियमचे पिवळे दिवे होते, ज्यांना सगळेजण हॅलोजन म्हणतात पण ते हॅलोजन नव्हेत, आणि गल्लीतल्या १२ खांबांवर ४० वॅटच्या जुन्या ट्यूब. आता ७० वॅट असं दिव्यावर लिहिलेलं असलं तरी चोक वेगळी वीज खातो, म्हणजे खांबामागे ८२-८३ वॅट धराच, ट्यूबचं पण तसंच, ४० ची ट्यूब चोक धरून ५० च्या वर जाते. सगळं मिळून तीन किलोवॅटच्या थोडं वर. रात्रीचे साडेअकरा तास धरले तर महिन्याला १०७० युनिट, आणि बिलात तेवढेच दिसायचे. वर चोक जळणं, इग्नायटर जाणं, कपॅसिटर जाणं हे चालूच, वायरमन महिन्यातून दोनदा शिडी घेऊन यायचा. त्याचे पैसे वेगळे.

पहिल्यांदा बदलले ते २०२१ च्या दिवाळीत आणि ते पूर्ण चुकलं. हे आधी सांगते कारण बहुतेक ठिकाणी हेच होतंय. एका कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं की ५० वॅटचे एलईडी लावतो, ६५० रुपयाला एक, दोन वर्षांची गॅरंटी, लख्ख उजेड पडेल. आम्ही खूश झालो, ४२ खांब सत्तावीस हजारात होतायत म्हणल्यावर मीटिंगमध्ये दहा मिनिटांत ठराव झाला. त्याने लावले ते खरं म्हणजे फ्लडलाइट होते, म्हणजे चौकोनी सपाट, जे गोडाऊनच्या भिंतीवर किंवा लग्नाच्या मांडवात लावतात ते, आणि खांबाच्या डोक्यावर पत्र्याची पट्टी वाकवून तिरके बसवले, कारण तिरकं केलं की उजेड लांब जातो असं त्याचं म्हणणं.

उजेड लांब गेला, समोरच्याच्या डोळ्यात आणि बेडरूममध्ये. पांढरा निळसर असा उजेड की रात्री गेटबाहेर आलं की डोळे बारीक करावे लागायचे. खांबाखाली चकचकीत आणि दोन खांबांच्या मध्ये काळोख, आणि चकचकीत भागातून पुढं गेलं की तो काळोख आणखी गडद वाटायचा, तिथला खड्डा दिसायचा नाही. आमच्या शेजारच्या काकूंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सुरू झालेला, त्या म्हणायच्या मला दिव्याच्या भोवती नुसती पांढरी चक्रं दिसतात गं, रस्ता दिसतच नाही, आणि त्यांनी संध्याकाळचं देवळात जाणं बंद केलं. रस्त्याला लागून ज्यांच्या बेडरूम आहेत त्यांनी जाड पडदे घेतले. स्कूटरवरून येणारे वळणावर हात आडवा धरायला लागले. मला या सगळ्याचं फार वाईट वाटलं कारण हिशोब मीच मांडला होता आणि स्वस्त पडतंय असं मीच सांगितलं होतं.

मग जूनमध्ये पाऊस आला. वळवाच्या पहिल्या विजा-गडगडाटातच सात गेले. ऑगस्टपर्यंत एकोणीस. उघडून बघितलं तर आत पाणी, काचेच्या कडेचं रबर कुठे आहे कुठे नाही, आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागते तशी वीज करून देणारं आतलं सर्किट, ते नावाला, विजेचा झटका अडवणारं काहीच आत नव्हतं. गॅरंटीचं विचारलं तर विजेने गेलेलं गॅरंटीत बसत नाही. पुढे तो फोन उचलेना.

इथून पुढचं वाचण्यासारखं आहे. आम्ही परत सोडियम लावायचे का यावर पण चर्चा झाली, बऱ्याच जणांना तो जुना पिवळा उजेडच बरा वाटत होता. तेव्हा मी जरा वाचायला लागले, आमच्यातल्या एका रिटायर्ड ज्युनिअर इंजिनिअर काकांनी बसवून समजावलं, आणि कळलं की दोष एलईडीचा नव्हता, आम्ही कोणता एलईडी घेतला आणि कसा बसवला त्याचा होता.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. आतली चिप निळा उजेड देते आणि तिच्यावर पिवळट फॉस्फरचा थर असतो, दोन्ही मिसळून पांढरं दिसतं. हा निळा एलईडी बनवायलाच जगाला इतकी वर्षं लागली, लाल आणि हिरवे आधीपासून होते, निळ्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. फॉस्फरचा थर पातळ आणि निळा जास्त बाहेर येत असेल तर उजेड थंड, ६००० ते ६५०० केल्विन. थर जास्त असेल तर उबदार पिवळसर, २७०० ते ३००० केल्विन. बॉक्सवर हा आकडा लिहिलेला असतो आणि दुकानात कोणी बघत नाही. केल्विन वाढला की उजेड वाढला असा गैरसमज पण खूप आहे, उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, केल्विन म्हणजे फक्त रंग. निळसर उजेड डोळ्यात जास्त विखुरतो, मोतीबिंदू असेल तर आणखीच, म्हणजे काकूंची तक्रार शंभर टक्के खरी होती. झोपेवर पण निळ्याचाच परिणाम जास्त होतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच सांगितलंय की रस्त्यावरचे एलईडी ३००० केल्विन किंवा त्याच्या खालचे घ्या आणि झाकलेले, म्हणजे उजेड वर-बाजूला न फेकणारे घ्या.

आणि आपल्याकडे तर याचं मोठं उदाहरण झालेलं आहे. २०१५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा राणीच्या हाराचा रंगच गेला म्हणून लोकांनी केवढी ओरड केली, राजकारण झालं, विषय हायकोर्टापर्यंत गेला आणि शेवटी पिवळसर उजेड परत आणला. तेव्हा मला पण वाटलं होतं की दिव्याच्या रंगावरून कशाला भांडतायत, वीज वाचतेय ना. आता समजतं की वीज वाचवायला पांढरा रंग लागतच नाही. पूर्वी ३००० केल्विनचा एलईडी तेवढ्याच विजेत थोडा कमी उजेड द्यायचा, आता चांगल्या फिटिंगमध्ये तो फरक डोळ्याला कळत पण नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. आधी तीन सॅम्पल मागवली आणि शेजारशेजारच्या तीन खांबांवर आठ दिवस लावून ठेवली. एक ६५०० चं, एक ४००० चं, एक ३००० चं, तिन्ही ३० वॅट. खांबाखाली चिठ्ठी नाही काही नाही, फक्त सगळ्यांना सांगितलं की जेवल्यावर चक्कर मारा आणि कोणता बरा वाटतो ते वॉचमन मामांच्या वहीत लिहा. अर्ध्याहून जास्त लोकांनी तिसऱ्या खांबाला मत दिलं आणि त्यातली बरीच तीच माणसं ज्यांनी मीटिंगमध्ये पांढराच पाहिजे म्हणून आग्रह धरला होता. काकू काठी घेऊन सुनेबरोबर आल्या, तिसऱ्या खांबाखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, इथे मला माझी चप्पल दिसतेय. मला तेवढं पुरलं. कोणीही दिवे बदलणार असेल तर हे नक्की करा, कॅटलॉगवरून कधीच कळत नाही.

सप्लायर शोधणं मात्र वैताग होता. दोघांनी सरळ सांगितलं की ताई ३००० स्टॉकला नसतो, सगळे पांढराच नेतात, पांढरा घ्या लगेच देतो. तिसऱ्याने तीन आठवडे लावले पण आणून दिला. आम्ही जे मागितलं ते असं: मोठ्या रस्त्याला ३० वॅट आणि गल्लीला १८ वॅट, ३००० केल्विन, रस्त्याची लेन्स असलेली खरी स्ट्रीटलाइट फिटिंग, आयपी ६६ म्हणजे जोराच्या पाण्याच्या माऱ्यातही आत पाणी जाणार नाही, विजेचा झटका अडवणारं १० केव्हीचं सर्ज प्रोटेक्शन, अॅल्युमिनियमची डाय-कास्ट बॉडी, ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी नंबर, आणि ड्रायव्हरचा कप्पा वेगळा उघडणारा. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि कुठलाच सेल्समन आपणहून सांगत नाही. एलईडी चिप सहसा जात नाहीत, जातो तो ड्रायव्हर. ड्रायव्हर वेगळा निघत असेल तर अर्ध्या तासात बदलून होतं, सगळं एकत्र सील केलेलं असेल तर अख्खी फिटिंग फेकावी लागते, मग कुठलं आलं पर्यावरण.

३० वॅटची एक फिटिंग २१०० ला पडली, १८ ची १५०० ला. वायर, क्लॅम्प, पॅनेल, टायमर, अर्थिंग नव्याने करणं आणि मजुरी धरून एकूण एक लाख दहा हजारांच्या आसपास. पहिल्या सत्तावीस हजारांच्या पुढे हा आकडा ऐकून मीटिंगमध्ये शांतता पसरली होती. पण ते सत्तावीस हजार पाण्यात गेले हे सगळ्यांना दिसत होतं.

बसवताना मी आणि इंजिनिअर काका चारही दिवस खाली उभे होतो. वायरमन चांगला होता पण त्याला पण सवय तीच, फिटिंग वर उचलून तिरकी करायची. काकांनी एकेक खांबावर सांगून फिटिंग जमिनीला समांतर बसवून घेतली, लेन्सच उजेड आडवा पसरवते, फिटिंग तिरकी करायची गरजच नसते. जी तिरकी होते ती आकाशात उजेड फेकते आणि आपण त्या उजेडाचं बिल भरतो. सोडियमच्या गोल फिटिंगमध्ये दिवा सगळ्या बाजूंनी उजेड टाकायचा, वरचा बराचसा आरश्यावर आपटून कसाबसा खाली यायचा, काही झाडात जायचा. एलईडी मुळातच एका दिशेला बघतो. ७० वॅटच्या जागी ३० वॅट पुरतात ते यामुळे पण, आणि हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं.

काकांच्या भाच्याने कॉलेजमधून लक्स मीटर, म्हणजे रस्त्यावर पडणारा उजेड मोजायचं यंत्र, आणला होता. मोबाइलच्या अॅपवर विश्वास ठेवू नका, मी दोन मोबाइल घेऊन बघितलं, दोघांचे आकडे दुप्पट वेगळे. मीटरवर खांबाखाली २२ लक्स आणि दोन खांबांच्या मध्ये ५ च्या आसपास. आपल्याकडे रस्त्याच्या दिव्यांसाठी आयएस १९४४ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात छोट्या रस्त्यांना सरासरी ४ ते ८ लक्स धरतात आणि मोठ्या वाहतुकीच्या रस्त्यांना १५ ते ३०. म्हणजे आमच्यासारख्या आतल्या रस्त्याला जास्तीचा उजेड मागायची गरजच नाही. जुन्या फ्लडलाइटचा एक शिल्लक होता तो पण मोजला, खाली ६० च्या वर आणि मध्ये १ सुद्धा नाही. डोळे त्या ६० ला सरावतात आणि मग १ मध्ये आंधळे होतात, एवढीच त्या लख्ख उजेडाची गोष्ट.

रंग ओळखू येण्याचा फरक पण सांगते, हा सोडियमच्या तुलनेत खूप मोठा आहे. सोडियमखाली सगळं पिवळंतपकिरी दिसायचं, लाल साडी आणि हिरवी साडी सारखीच. कॅमेऱ्याच्या फुटेजमध्ये गाडीचा रंग कोणालाच सांगता यायचा नाही. आता रंग नीट दिसतात, ३००० असून सुद्धा. माणूस लांबून ओळखता येतो. आमच्याकडे एक सिस्टर आहेत, हॉस्पिटलची सेकंड शिफ्ट संपवून रात्री साडेअकराला येतात, त्या म्हणाल्या पूर्वी कोणी समोरून आलं की जवळ येईपर्यंत चेहरा कळायचा नाही, आता वळणावरूनच कळतं. माझ्यासाठी ही बिलापेक्षा मोठी गोष्ट आहे.

आता डिमिंगबद्दल, म्हणजे रात्री उशिरा उजेड आपोआप कमी करण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त भांडण यावर झालं. आम्ही घेतलेल्या ड्रायव्हरमध्ये वेळ सेट करून येते, दिवा लागल्यापासून साडेचार तास पूर्ण, मग सहा तास निम्मा, मग पहाटे परत पूर्ण. पुष्कळांना वाटलं की निम्मा म्हणजे अंधार, चोऱ्या होतील. पण डोळ्याला निम्मा उजेड निम्मा वाटत नाही, थोडा कमी वाटतो एवढंच, आणि सगळे खांब सारखेच कमी होत असल्यामुळे मध्ये काळे डाग पडत नाहीत. पहिले पंधरा दिवस आम्ही कोणाला न सांगता चालू ठेवलं आणि एकाही घरातून तक्रार आली नाही, मग सांगितलं.

पण यात दोन अडचणी आहेत ज्या सप्लायरने सांगितल्या नव्हत्या. एक म्हणजे ड्रायव्हरला घड्याळ कळत नाही, तो फक्त वीज आल्यापासूनचे तास मोजतो. उन्हाळ्यात दिवे सव्वासातला लागतात तर डिम पावणेबाराला होतं, डिसेंबरात सहाला लागतात तर साडेदहालाच. हिवाळ्यात साडेदहाला माणसं बाहेर असतात, त्यामुळे काहींना ते लवकर वाटतं. दुसरी अडचण मोठी. रात्री एक वाजता लाइट गेली आणि दीडला आली की ड्रायव्हरला वाटतं आत्ता संध्याकाळ झाली, तो परत साडेचार तास पूर्ण उजेड देतो, म्हणजे त्या रात्रीची डिमिंगची बचत गेली. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा तरी होतं. ज्यांच्याकडे वीज सारखी जाते त्यांनी हे लक्षात घेऊनच पैसे टाकावेत, किंवा पॅनेलमधूनच डिमिंगचा सिग्नल देणारी सिस्टिम घ्यावी, तिला जास्तीची कंट्रोल वायर ओढावी लागते म्हणून आम्हाला परवडली नाही.

पॅनेलमध्ये अॅस्ट्रो टायमर मात्र घ्याच घ्या. त्यात गावाचे अक्षांश रेखांश टाकायचे, तो रोजचा सूर्यास्त सूर्योदय स्वतः काढतो. आधी मामा बटण दाबायचे आणि ते सुट्टीवर गेले की सकाळी नऊपर्यंत दिवे चालू. नुसत्या या टायमरने किती तास वाचले असतील सांगता येणार नाही पण दिवसा जळणारा दिवा आता आमच्याकडे दिसत नाही. फोटोसेलवर, म्हणजे बाहेरचा उजेड बघून चालू-बंद होणारा पण मिळतो, स्वस्त असतो, पण आमच्याकडे ढगाळ जुलैमध्ये दुपारी चारला दिवे लागायचे असा आधीचा अनुभव होता.

बिलाचे आकडे. सोडियमच्या वेळी महिन्याला १०७० युनिट, पहिल्या फसलेल्या एलईडीत ७२० च्या आसपास (जे चालू होते तोपर्यंत), आणि आता वर्षभराची सरासरी ३०० च्या आसपास. डिमिंग नसतं तर ३८५ आले असते. म्हणजे सोडियमपेक्षा महिन्याला ७७० युनिट कमी. आम्हाला सगळे आकार धरून युनिट साधारण ९ रुपयाला पडतं, म्हणजे जवळपास सात हजार महिन्याला, दुसऱ्या वेळचा सगळा खर्च दीड वर्षाच्या आतच निघाला. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशावर आहे, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, तर वर्षाला साडेसहा टनाच्या आसपास धूर आमच्या ४२ खांबांनी कमी केला. मला हा आकडा पहिल्यांदा काढल्यावर खरा वाटेना, परत परत गुणाकार केला.

आणि हे फक्त ४२ खांब. देशभरात ५ जानेवारी २०१५ पासून रस्त्यावरच्या दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू झाला, ईईएसएल ही सरकारी कंपनी पैसे स्वतः घालते, दिवे बदलून सात वर्षं देखभाल करते आणि नगरपालिका विजेच्या बचतीतून ते पैसे हप्त्याने फेडते. १ कोटी ३० लाखांच्या वर दिवे बदलले गेले. हे कौतुकाचंच आहे. त्याच दिवशी सुरू झालेल्या उजाला योजनेत घरगुती एलईडी बल्बची सरकारी खरेदीची किंमत ३१० वरून २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली, एकगठ्ठा खरेदी केली की काय होतं ते बघा. माझं मागणं एवढंच आहे की एवढी मोठी खरेदी करताना वॅटबरोबर केल्विन आणि फिटिंगचं झाकण पण प्रत्येक टेंडरमध्ये सक्तीने लिहा. एकदा पांढरे बसले की पुढची दहा-बारा वर्षं ते तसेच राहणार, कारण चांगला एलईडी ५० हजार तास टिकतो आणि वर्षाला तो चार हजारांच्या थोडा वर जळतो.

त्रास काय झाला ते पण लिहिते. तीन पावसाळ्यांत ४२ पैकी ३ ड्रायव्हर गेले. दोन वॉरंटीत बदलून मिळाले, दोन्ही वेळा सहा-सात आठवडे लागले आणि तोपर्यंत तो खांब बंद. म्हणून आता आम्ही दोन ड्रायव्हर जास्तीचे घेऊन ठेवलेत. वॉरंटी पाच वर्षांची आहे पण सिरीयल नंबरचा फोटो आणि बसवल्याची तारीख मागतात, मी पहिल्याच दिवशी प्रत्येक फिटिंगचा फोटो काढून खांबाच्या नंबरप्रमाणे वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून निभावलं. एका खांबावर उजेड बाकीच्यांपेक्षा जरा गुलाबी दिसतो, चिपची बॅच वेगळी असणार, सप्लायर म्हणतो हा दोष धरत नाहीत. लेन्सवर धूळ आणि पक्ष्यांची घाण बसते, वर्षातून एकदा दिवाळीच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं लागतं, पुसल्यावर फरक लगेच कळतो. पाच पैकी द्यायचे तर फिटिंगला साडेचार, सप्लायरच्या सर्व्हिसला तीन.

जुन्या दिव्यांचं काय केलं हे कोणीच विचारत नाही. सोडियमच्या दिव्यात आणि ट्यूबमध्ये पारा असतो, फोडून ओढ्यात टाकायच्या वस्तू नव्हेत त्या. आमचा पहिला कॉन्ट्रॅक्टर पोत्यात भरून मागच्या खड्ड्यात टाकणार होता, मामांनी बघितलं म्हणून थांबला. ते पोतं आमच्या पंपरूममध्ये दीड वर्ष पडून होतं, मग ई-वेस्ट घेणाऱ्या नोंदणी केलेल्या संस्थेला दिलं आणि पावती घेतली. दिवे एलईडी झाले आणि पारा ओढ्यात गेला तर पर्यावरणाचं नाव घ्यायचा आपल्याला हक्क नाही.

आता ओढ्याचं. इथे राहायला आलो तेव्हा मे महिन्याच्या शेवटी ओढ्याकडच्या करंजांवर काजवे दिसायचे, मुलांना घेऊन आम्ही तिथे जाऊन उभे राहायचो. काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण करायला, आणि आजूबाजूला उजेड जास्त झाला की ती खूण दिसतच नाही. पांढरे फ्लडलाइट लागले त्या वर्षी एक पण दिसला नाही. दिव्याखाली मात्र सकाळी मेलेल्या किड्यांचा सडा. नवीन दिवे लागल्यावर सडा बराच कमी झाला, पाली पण खांबांवरून कमी झाल्या, आणि गेल्या मे मध्ये ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला थोडे काजवे परत दिसले, आमच्या अलीकडच्या अंगाला नाहीत. दिव्यांमुळेच आले असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण अलीकडे दिवे आहेत आणि पलीकडे अंधार आहे हे तर आहेच. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं अंड्यातून निघाली की उजळ दिसणाऱ्या दिशेला चालतात, ती समुद्राची असायला पाहिजे, मागे गावाचा दिवा असेल तर उलटी फिरतात. किड्याला, कासवाला, पक्ष्याला विजेचं बिल कळत नाही, उजेडच कळतो.

आणि हे करता येतं, आपल्याच राज्यात केलंय. नागपूरकडचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेली जागा, झाला. त्यासाठी आसपासच्या वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांमधले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. गावं अंधारात नाही गेली, रस्ते दिसतात आणि वर आकाश पण दिसतं. मी हे आमच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा सगळे शांतपणे ऐकत होते.

मला आता काळजी वाटते ती वेगळीच. दिवा स्वस्त झाला, बिल कमी झालं, म्हणून लोक दिवे वाढवायला लागले. गेटवर दोन, कंपाउंडवर सहा, नारळाच्या झाडाला खालून वर मारलेला हिरवा, गच्चीवर रात्रभर पट्टी. रस्त्यावर आम्ही ७७० युनिट वाचवतो आणि घराघरातून तेवढा उजेड परत आकाशात जातो. दोन-तीन घरांत जाऊन मी स्वतः बोलले, दोघांनी टायमर लावला, अकराला बंद होतात. एकांना राग आला, पण मी परत जाणार आहे.

सोलरचं का नाही केलं असं पण सगळे विचारतात. शेजारच्या गावात सोलरचे आहेत, पहिली दोन वर्षं उत्तम चालले, मग बॅटऱ्या गेल्या आणि बॅटरीसाठी कोणी पैसे ठेवले नव्हते. आमच्याकडे जुलै ऑगस्टमध्ये दिवस दिवस सूर्य दिसत नाही. जिथे वायर पोचतच नाही तिथे सोलर घ्या, आणि बॅटरी बदलायचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला टाका.

ओढ्याकडच्या शेवटच्या चार खांबांचं काम मात्र अजून बाकी आहे, तिथे ३००० पण जास्त आहे असं मला वाटतं. त्यांच्यासाठी २२०० केल्विनच्या १२ वॅटच्या फिटिंग मागवल्यात, सोडियमसारख्या अंबर दिसतात, आणि ओढ्याच्या बाजूने पत्र्याची आड करून घेणार आहोत. सप्लायरने एप्रिलची तारीख दिली आहे. मे च्या शेवटच्या आठवड्याआधी बसल्या पाहिजेत असं मी त्याला तीनदा सांगितलंय, कारण तेव्हा पलीकडच्या करंजांवर बघायला जायचं आहे आणि यावेळी काकू पण येणार म्हणाल्यात.